बारा सेकंद

"पण हे गाणं केलंय कुणी, एवढंच सांगा ना!"

केयूरने तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदा फोन पुढे धरला.

दस्तगीरचाचांनी फोनकडे पाहिलंही नाही. मिरजेतल्या आपल्या लहानशा दुकानात ते मांडीवर तंबोरा आडवा घेऊन बसले होते. एक तार छेडत, मान हलवत, पुन्हा छेडत.

"सांगतो की. पर आधी ही जवारी लागू द्या. बसा."

"किती वेळ लागेल?"

"लागंल तेवढा."

जवारी लावायची म्हणजे तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. आवाज फुलेपर्यंत. या एका कामासाठी लांबलांबचे गवई चाचांच्या दारात तासन्‌तास बसून राहत.

केयूर बसला. बसला म्हणजे टेकला. गुडघा हलत होता.

दर शुक्रवारी तो पुण्याहून दहा नव्या गाण्यांची यादी टाकत असे. कुणीही न ऐकलेली गाणी. कुणी पांघरुणात शिरून गायलेलं, कुणी लॅपटॉपवर खोलीचं दार लावून जुळवलेलं. तीस हजार लोक त्या यादीची वाट बघत. केयूरला सगळ्यांच्या आधी सापडतं, असा त्याचा लौकिक होता आणि तो लौकिक त्याच्या डोक्यात पुरेसा शिरलाही होता. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. केयूरकडे नव्याला बारा सेकंद मिळत.

तीन आठवड्यांपूर्वी हे गाणं आलं. नावाच्या जागी नुसतं टिंब. चित्रात छताला टांगलेले तंबोऱ्याचे भोपळे. एक बाई गुणगुणते, मागे बारीक ठेका आणि त्याखाली एक विचित्र आवाज. खर्र… खर्र…

तो आवाज त्याच्या आत कुठेतरी रुतला. दोन वर्षांत एकही चाल त्याच्या ओठांवर आली नव्हती, आणि याची त्याला मनातून भीती वाटत असे. या गाण्याने पहिल्यांदा काहीतरी हललं.

मग त्याने काय केलं? शोध सुरू केला. हा आवाज कुठल्या यंत्राचा, यावर त्याची यादी ऐकणाऱ्यांनी आठवडाभर वाद घातला. दुसरा एक यादीवाला मागावर असल्याचं कळलं तेव्हा केयूरने भोपळ्यांवरून तंबोऱ्यांची मिरज गाठली. उद्या शुक्रवार होता.

"दिवसाला किती गाणी ऐकता?" चाचांनी विचारलं.

"दोनशे. कधी अडीचशे."

"समदी?"

"बारा सेकंदांत कळतं चाचा. सवयीने."

"आन्‌ हे?"

"हे चाळीस सेकंद ऐकलं!" केयूर अभिमानाने म्हणाला.

चाचांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांनी कानस हातात घेईपर्यंत केयूरने हेडफोन चढवला होता. रिकामा वेळ त्याला सोसत नसे. आज अजून सत्तर गाणी बाकी होती.

एक झालं. दुसरं. अकरावं.

आतून एक तरुण बाई चहा घेऊन आली. कप त्याच्यापुढे ठेवला आणि काहीतरी विचारलं. केयूरने एक बोट वर केलं. एक मिनिट. नव्या गाण्याचा नववा सेकंद चालू होता.

ती थांबली… पुन्हा विचारलं. बोट वरच.

ती हसली, चपला घातल्या आणि खांद्याला पिशवी लावून निघून गेली.

तास गेला. मग अचानक केयूरच्या कानांवरचा हेडफोन निघाला. चाचांनीच काढला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला, कानस उचलली आणि घोडीवर टेकवली.

खर्र… खर्र…

केयूर ताडकन उभा राहिला. "हाच! हाच आवाज! चाचा, हे तुमच्याकडे रेकॉर्ड केलंय! कुणी?"

"लावा तुमचं गाणं," चाचा म्हणाले. "मोठ्यानं."

त्याने लावलं. चाळीस सेकंद झाले. अंगठा सवयीने पुढे सरकला. चाचांनी त्या अंगठ्यावर आपला खरबरीत हात ठेवला आणि उचललाच नाही.

एक मिनिट. दोन. गुणगुणणं थांबलं. ठेका थांबला. नुसती कानस चालत राहिली. केयूरला घाम आला. काहीच घडत नाही असं त्याला वाटत होतं आणि हात तर सोडवता येत नव्हता.

चौथ्या मिनिटाला कानसही थांबली… आणि तार वाजली. उघडी, भरलेली.

त्या तारेमागून चाचांचाच आवाज आला, "शाहीन, चहा टाक गं. कुनीतरी आलंय."

एक बाई हसली. गाणं संपलं.

तीन आठवडे सगळे जे नाव शोधत होते, ते गाण्यातच होतं.

केयूरने समोरच्या कपाकडे पाहिलं. चहावर साय धरली होती.

"त्या… मघाशी आल्या होत्या त्या?"

"माझी सून. माडीवर खोली हाय तिची, तितंच करती. साडेचारच्या बशीनं माहेरला गेली."

"मला काय विचारत होत्या?"

"गानं कसं वाटलं, म्हनत हुती."

केयूर खाली बसला. या वेळी खरोखर बसला. त्याला लाज वाटली, रडू यावं इतकी.

चाचा तंबोऱ्याला गवसणी घालू लागले.

गवसणी घालून होईपर्यंत केयूरचा गुडघा पुन्हा हलायला लागला.

"चाचा… त्यांची अजून गाणी असतील ना?"

चाचांनी गार झालेला कप त्याच्याकडे सरकवला.

"आधी ह्यो संपवा."