मधाच्या वासाची वाट

फार पूर्वी, सागाच्या रानात एका काटेरी साळूचा गोड पाण्याचा झरा होता. तिकडे कुणी फिरकेना, म्हणून तिने वाटेवरच्या पानापानाला मध चोळला.

वासामागे अस्वल आलं. "मध कुठाय?"

"मध नाही, दादा. पण पाणी गोड आहे," साळू म्हणाली.

"मग मला फसवलंस कशाला?" अस्वलाने पंजा उगारला. साळू कशीबशी बिळात शिरली. अस्वल तिथेच दबा धरून बसलं.

इतक्यात वाटेवरून तहानलेली हरणी पाडसाला घेऊन आली. पानं हुंगून ती पाडसाला म्हणाली, "इथे नुसता मध दिसतोय, बाळा. पाणी पुढे शोधू."

"पाणी इथेच आहे!" साळूच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण बिळाच्या तोंडाशी अस्वलाचा श्वास ऐकू येत होता.