खुणेची काठी

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची म्हणाल, तर काडेपेटी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती. घरोघरी राखेखाली निखारा जपून ठेवायचा, आणि तो विझलाच तर खापर घेऊन शेजारी मागायला जायचं, अशी तेव्हाची रीत. ही रीत ध्यानात ठेवा, कारण गोष्ट तिच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

एका नदीच्या काठी एक गाव होतं. नदीच्या पलीकडे दुसऱ्या राजाचं राज्य. दोन्ही राजांचं आपसांत पटत नसे. भांडण नेमकं कशावरून होतं, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. पण राजेलोकांना भांडायला कारण लागतंच असं नाही.

या गावात प्रत्येक दारावर एक भाला टांगलेला असे. खंडेनवमीला तो खाली काढायचा, पुसायचा, तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा वर टांगायचा. नगारा वाजला की घरातल्या एका माणसाने तो घेऊन चावडीपुढे हजर व्हायचं. जो हजर झाला नाही, किंवा ज्याने लढाईत हुकूम मोडला, त्याच्या घराचा विस्तव बंद. म्हणजे चुलीत पाणी ओतायचं, आणि त्या घराला कुणी निखारा द्यायचा नाही. शिक्षा ऐकायला साधी वाटते. पण चूल विझलेल्या घरात एक थंडी काढून बघा, मग कळेल.

त्या गावात एक नावाडी होता. अंगाने दणकट, बोलायला कमी. घरात तो आणि त्याचे म्हातारे वडील, दोघंच. पावसाळ्यात नदी भरली की तो नाव चालवी. पाणी ओसरलं की लोक पायीच नदी ओलांडत. पण पायी ओलांडायच्या त्या जागेला, म्हणजे उताराला, लागूनच एक खोल डोह होता. वरून काही कळायचं नाही. एक पाऊल चुकलं की माणूस गडप.

नदीच्या तळाला सगळा कातळ, त्यामुळे तिथे खांब रोवता येत नसे. म्हणून बाजाराच्या दिवशी नावाडी स्वतःच डोहाच्या कडेला उंच बांबू धरून उभा राही. बांबूच्या टोकाला पांढरं फडकं. हीच खुणेची काठी. फडक्याच्या वरच्या अंगाने, म्हणजे नदी जिकडून येते तिकडून जायचं, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. अलीकडच्या आणि पलीकडच्याही.

नावाड्याच्या घराण्यात एक नेम होता. हाक कुठल्याही काठावरून येवो, नाव न्यायची, आणि बसणाऱ्याला तू कुठला म्हणून विचारायचं नाही. त्याने आपल्या हातांनी कितीतरी बुडती माणसं वर काढली होती. ती कुठल्या राजाची होती, हे पाण्यात बघायला सवड कुणाला असते?

एका वर्षी, नवरात्र सरल्यावर, पलीकडची फौज नदी उतरून अलीकडच्या कुरणात आली. उद्या ती गावात शिरणार, हे उघड होतं. नगारा वाजला. दारादारांवरचे भाले खाली आले. सगळ्यांच्या आधी चावडीपुढे पोचला तो गावच्या नाईकाचा थोरला मुलगा. त्याच्या डोळ्यांत नुसती घाई होती. आपलं गाव आपण राखायचं, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं.

नावाडी मात्र आपल्या उंबऱ्यावर बसून राहिला होता. भाला दारावर तसाच होता.

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. मग काठी टेकत ते उठले आणि भाल्याला हात घातला.

"तुला नसेल जायचं तर नको जाऊस," ते म्हणाले. "मी जातो."

"आबा, तुम्हाला चावडीपर्यंत चालताना धाप लागते."

"म्हणून तर म्हणतो. माझं लवकर आटपेल."

नावाड्याला हसू आलं आणि रडूही आलं. त्याने वडिलांच्या हातातला भाला घेतला, परत दारावर टांगला, त्यांना आत नेऊन चुलीपाशी बसवलं, आणि मोकळ्या हातांनी चावडीवर गेला.

नाईक गावच्या भाल्यांचा प्रमुख होता. त्याचा शब्द म्हणजे हुकूम. त्याने विचारलं, भाला कुठे आहे. नावाड्याने सांगितलं, आणला नाही.

"भितोस?"

"भितो. पण त्यासाठी नाही. ज्या हातांनी माणसं पाण्यातून वर काढली, त्या हातांनी त्यांना भोसकणं मला जमणार नाही. तुम्ही सांगाल तिथे मी उभा राहतो. धोक्याची जागा असली तरी चालेल. मारायला तेवढं सांगू नका."

चावडीवर हशा पिकला. भाल्याच्या टोकाची भीती वाटत असेल तर मी बोथट करून देतो, असं नाईकाचा थोरला म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला. नाईक हसला नाही. तो कडक होता, पण उथळ नव्हता. शत्रू मागे हटला की पाठलाग करत नदी ओलांडावी लागणार, आणि तेव्हा डोहापाशी कुणीतरी हवं, हे त्याने आधीच योजून ठेवलं होतं. त्या जागेला आडोसा नव्हता. काठी धरली की दोन्ही हात अडकलेले, ढाल घ्यायची सोय नाही. म्हणून तिथे जायला कुणी तयार नव्हतं.

"मग खुणेला उभा राहा," नाईक म्हणाला. "पण तिथे हुकूम मोडलास, तर तुझ्या म्हाताऱ्याची चूल विझली म्हणून समज."

नावाड्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी लढाई झाली. तिचं वर्णन मी करणार नाही. ज्यांना तसलं आवडतं त्यांना सांगणारे पुष्कळ भेटतील. एवढं मात्र सांगायलाच हवं, की गावचे भालेकरी जिवावर उदार होऊन लढले आणि त्यांनी शत्रूला गावाच्या वेशीला शिवू दिलं नाही. ते नसते तर त्या दिवशी गावाची राख झाली असती.

नावाडी सकाळपासून पाण्यात उभा होता. एक चुकार बाण येऊन त्याच्या खांद्यात रुतला. त्याने काठी दुसऱ्या हातावर तोलली आणि तो तिथेच राहिला. दुपारनंतर पाणी गढूळ झालं. डोंगरात कुठेतरी पाऊस पडला असावा. कमरेचं पाणी हळूहळू छातीला आलं, आणि डोह कुठे नि उतार कुठे, काही दिसेनासं झालं.

तेवढ्यात शत्रूची फळी फुटली. पहिला घोळका नदीकडे पळाला आणि फडक्याच्या वरच्या अंगाने पार झाला. त्याच्या पाठोपाठ नाईकाचा थोरला आणि त्याचे काही सोबती, तसेच, बेभान होऊन पलीकडे गेले. धुळीत कोण कुणाचा, हे कुणालाच ओळखू आलं नाही. नाईकालाही नाही.

मग शत्रूची बाकी सगळी फौज काठावर आली आणि थबकली. पुढे गढूळ पाणी, मागे भाले. सगळ्यांची नजर त्या पांढऱ्या फडक्यावर खिळली.

त्या गोंगाटात नाईकाने बाजूच्या काठावरून हाक दिली, "काठी डोहाच्या खालच्या कडेला ने."

त्याचा अर्थ नावाड्याला लगेच कळला. काठी तिथे नेली, की तिच्यावर विसंबून उतरणारा प्रत्येक माणूस सरळ तळाला जाणार होता. भाला न उगारता सगळी फौज बुडाली असती.

"नाही नेणार," तो म्हणाला.

"हुकूम आहे."

"नाईक, ही काठी आज खोटं बोलली, तर उद्या बाजाराला जाताना आपली बायकापोरं कुणाच्या भरवशावर पाण्यात उतरतील?"

"तुझा विस्तव बंद," नाईक सगळ्यांदेखत ओरडला.

चुलीपाशी हात शेकत बसलेले वडील नावाड्याच्या डोळ्यांपुढे आले. पुढे थंडीचे महिने होते. पण त्याचे हात हलले नाहीत. शत्रूच्या माणसांकडे वळून तो मोठ्याने म्हणाला, "वरच्या अंगाने या. हत्यारं टाका, नाहीतर पाणी ओढून नेईल. एकमेकांचे खांदे धरा."

त्यांनी भाले टाकले. एकामागून एक, खांदे धरून, ते त्याच्या अगदी जवळून गेले. त्यात बाजारात टोपल्या विकायला येणारा एक जण होता. त्याने नावाड्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. काठावरचे गावकरी नाईकाच्या तोंडाकडे बघत होते. पण का कोण जाणे, पाठीत भाले फेकायचा हुकूम काही त्याने दिला नाही.

शत्रू पार झाला. आता कुठे नाईकाला उसंत मिळाली, आणि त्याने विचारलं, थोरला कुठे आहे. एकाने पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. तिथे शत्रूची सगळी फौज गोळा झाली होती, आणि तिच्या मधोमध मूठभर माणसं वेढलेली होती. हुकूम द्यायची सवय असलेला नाईक त्या वेळी नुसता उभा राहिला, कारण आता हुकूम द्यायचा तरी कुणाला?

बराच वेळ गेला. मग ती गर्दी दुभंगली. गावची पोरं हत्यारांवाचून पाण्यात उतरली, आणि फडक्याच्या वरच्या अंगाने, खांदे धरून परत येऊ लागली. सगळ्यांत शेवटी थोरला होता.

काठावर आल्यावर त्याने घडलं ते सांगितलं. शत्रूचा सरदार पिकल्या मिशांचा माणूस होता. नदीत कोण उभं आहे, असं त्याने विचारलं. आमचा नावाडी, असं थोरल्याने सांगितलं. त्यावर सरदार म्हणाला, "मी पाण्याच्या अगदी कडेला होतो. त्याला काठी हलवायला सांगत होते, ते मी ऐकलं. त्याने माझी माणसं राखली. आता त्याची माणसं मी मारली, तर या वयात मला झोप लागायची नाही. जा."

शेवटचा माणूस बाहेर आल्यावरच नावाडी काठावर आला. खांद्याला पट्टी बांधून घेऊन तो घरी पोचला, तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. घरात दिवा नव्हता. चुलीत ओली राख होती.

"पाणी मीच ओतलं," वडील म्हणाले. "हुकूम ऐकला. म्हटलं, आपल्या चुलीला दुसऱ्याचा हात कशाला?"

नावाडी त्यांच्याजवळ बसला. माझ्यामुळे तुम्हाला थंडीत बसावं लागणार, असं तो म्हणाला. वडिलांनी आपलं घोंगडं अर्धं त्याच्या अंगावर टाकलं.

"मघापासून विचार करतोय, मी असतो तर काठी हलवली असती का," ते म्हणाले. "मागच्या लढाईत माझ्या हातात भाला होता. त्यामुळे असलं काही मनात आलंच नाही. नंतर आलं. पुष्कळ वर्षं येत राहिलं."

एवढ्यात दारात उजेड दिसला. नाईक उभा होता. त्याच्या हातात खापर होतं, आणि खापरात लालभडक निखारे.

"तू हुकूम मोडलास," नाईक म्हणाला.

"मोडला."

"आता मी मोडतोय. चूल कुठे आहे?"

त्याने स्वतः ओली राख उपसली, कोरडी काटकी रचली आणि गुडघे टेकून फुंकर घातली. नावाडी म्हणाला, तुमचे भाले नसते तर काठी धरायला गाव उरलं नसतं, हे मला ठाऊक आहे. नाईक म्हणाला, ते खरं, आणि काठी नसती तर माझ्या घरात आज चूल पेटली नसती. मग तिघेही जाळाकडे बघत बसले. म्हाताऱ्याने हात शेकायला पुढे केले, आणि त्या घरात फार दिवसांनी सगळं ठीक आहे असं वाटलं.

पुढच्या खंडेनवमीला नावाड्याच्या दारावर भाल्याऐवजी काठी टांगली गेली, आणि गावाने तिला हळदकुंकू वाहिलं. ज्याला भाला धरायचा नसेल त्याने खुणेला उभं राहावं, असा नवा नियम झाला. गंमत अशी, की काठी मागायला फारसं कुणी आलं नाही. तिथे उभं राहणं किती अवघड, हे आता सगळ्यांना माहीत होतं. नाईकाचा थोरला भालाच वागवी. पण बाजाराच्या दिवशी, नावाड्याचा खांदा दुखू लागला की, पाण्यात उतरून घटकाभर काठी धरी.

पलीकडच्या गावानेही आपल्या बाजूने एक माणूस काठी देऊन उभा केला. राजे अधूनमधून भांडत राहिले, पण त्या उतारावरून फौज न्यायला दोन्ही काठांवर कुणी राजी होईना. नगारा पुढे जत्रेतच वाजू लागला, आणि तिथे तो जास्त शोभून दिसे, असं जुनी माणसं सांगत.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्याला मारायचं नसेल त्याने मरणाच्या जागेवरून पळू नये. मग त्याचा नकारसुद्धा गावाची राखण करतो.