अप्पांचा नंबर

त्या दुपारी दातांच्या दवाखान्यात सोजराबाईंचा नंबर पाचवा होता, माझा सहावा आणि शेवटचा. बाजारात मिरची विकणाऱ्या सोजराबाईंचा गाल टम्म सुजला होता. रूट कॅनॉल करायचं ठरलं होतं. चौथा पेशंट बाहेर आला, बाई उठल्या, तेवढ्यात नगरपालिकेचे पाणीपुरवठा सभापती विरूपाक्षअप्पा आले ते थेट डॉक्टरांच्या दाराकडेच निघाले.

"अप्पा, नंबर माझा हाय," बाई म्हणाल्या.

"मला ओळखलं नाहीस वाटतं. माझी दाढ ठणकतीय. गार, गरम काही सोसंना झालंय. तुझं होऊ दे सावकाश."

मी हातातल्या मासिकात डोकं खुपसलं. त्याची मला अजून लाज वाटते.

बाईंनी वाद घातला नाही. कोपऱ्यातल्या वॉटर कूलरमधून ग्लास भरला आणि अदबीनं पुढे धरला. "उन्हातनं आलायसा. आधी पाणी तर घ्या."

अप्पांनी ते बर्फासारखं पाणी घटाघटा संपवलं आणि मिशा पुसल्या.

"तीन दिवस झाले, मी पाणी कोमट करून पितीय," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमची दाढ चांगली धट्टीकट्टी हाय. ती थांबंल."

अप्पा लालबुंद झाले. "कुणाशी बोलतीयस, ठाऊक आहे का?"

"मघाशी वळखलं नव्हतं, आता वळखलं," दार ढकलत बाई म्हणाल्या. "माझ्यामागचा नंबर."

आता मात्र मला राहवलं नाही.

"बाईंच्या मागं मी आहे अप्पा," मी म्हणालो. "तुमचा सातवा."