हुद्दारांचा चाकू

"पण महाराज, कारलं चालतं आणि चाकू चालत नाही, हे कसं?"

दयालगीर महाराज घोंगडीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

विचारणारे होते पद्माकर हुद्दार. धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्यासमोर एक तबक होतं, तबकात पिवळं रेशमी कापड आणि कापडावर मिटलेला एक चाकू. बोटाएवढा.

मागे, भिंतीला टेकून, त्यांच्या पत्नी कुमुदताई बसल्या होत्या.

नदीकाठच्या त्या लहानशा मठाची एक रीत आहे. अनुग्रह घ्यायला येणाऱ्याने आपली एक आवडती गोष्ट महाराजांसमोर ठेवायची आणि जन्मभरासाठी सोडायची. मग महाराज कानात मंत्र सांगतात. बहुतेक लोक एखादी भाजी सोडतात. त्याच सकाळी एका कापडाच्या व्यापाऱ्याने कारलं सोडलं होतं आणि मंत्र घेऊन तो आनंदाने घरी गेला होता. कारलं त्याला कधी आवडत होतं का, हे कुणी विचारलं नाही.

हुद्दारांना हे खटकलं होतं.

पुढच्या आठवड्यात नागपुरात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. छाती उघडावी लागणार होती. त्याआधी अनुग्रह घ्यायचा, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

"भीती वगैरे नाही हो," आल्या आल्या त्यांनी सांगितलं होतं. "आपलं एक असावं म्हणून."

महाराजांनी एक शेंग फोडली. दाणा तोंडात टाकला.

"चाकू चालत नाही, असं मी कुठे म्हटलं? कसला आहे, एवढंच विचारलं."

"कसला म्हणजे..." हुद्दार सावरून बसले. त्यांचा चेहरा उजळला.

कुमुदताईंनी डोळे मिटले.

"हे पातं कानशीचं आहे, महाराज. झिजलेली कानस. आमच्या गावच्या लोहाराने तापवून, ठोकून त्याचं पातं केलं. मूठ शिसवीची. पितळेच्या एका खिळ्यावर सगळं फिरतं. उघडताना ऐका हं..."

त्यांनी पात्याच्या खाचेत नख अडकवलं.

टक्.

"ऐकलंत? हा आवाज बाजारच्या चाकूला नाही. आणि हा रंग बघा. लोकांना वाटतं गंज. गंज नाही तो. हा निळा कांद्याचा. हा करडा कैरीचा. इथे हा जांभळट दिसतो ना, तो कशाचा, आमच्या मंडळींत अजून वाद आहे."

"मंडळी?"

"चाकूवाली मंडळी. रविवारी बागेत जमतो आम्ही. रुमाल पसरायचा, त्यावर आपापले चाकू मांडायचे. मोठी हत्यारं आणायची नाहीत, असा नियमच आहे. खिशात मावेल तोच चाकू. रोज वापरात असेल तोच. कपाटात ठेवून मिरवणाऱ्याला आम्ही बसू देत नाही."

"काय करता जमून?"

"बोलतो."

"आणि?"

"...बोलतो."

महाराजांनी मान हलवली.

"लग्नात अंतरपाटामागे उभे होते, तेव्हाही खिशात हाच होता," मागून कुमुदताई म्हणाल्या.

"नवरदेवाने शस्त्र बाळगायची रीतच आहे," हुद्दार मान न वळवता म्हणाले. "लोक भाड्याची कट्यार आणतात आणि टोकाला लिंबू खोचतात. मी माझं स्वतःचं शस्त्र आणलं."

"आणि पंगतीत त्याच लिंबाचं सरबत केलंत. माझे मामा अजून सांगतात."

"तहान लागली होती त्यांनाच!"

महाराज हसले. शेंगांची टरफलं त्यांनी बाजूला सारली.

"सांग पुढे."

हुद्दार सांगत राहिले. धार लावायचा दगड पाण्याने भिजवावा की तेलाने. पातं दगडावर कोणत्या कोनात धरावं. खिशात चाकू असला की माणसाची चालच कशी बदलते. उंबऱ्यावरचं ऊन भिंतीवर चढलं, तरी ते सांगत होते. खरं सांगायचं तर त्यांचं सांगणं कंटाळवाणं नव्हतं. ऐकणाऱ्यालाही असा एक चाकू आपल्या खिशात असावासा वाटला असता.

"डॉक्टर काय म्हणाले?" महाराजांनी मध्येच विचारलं.

"डॉक्टर? बरं विचारलंत. त्यांच्या हत्याराचं पोलाद अगदी वेगळं. त्याला डाग पडत नाही, पण धार..."

"डॉक्टर रक्तस्रावाचं सांगत होते," कुमुदताई म्हणाल्या, "आणि हे त्यांना विचारत होते, पातं कुठून आणता."

"माहिती करून घ्यायला काय हरकत आहे?"

"रात्री झोप लागते?" महाराजांनी विचारलं.

"झोप... गंमत सांगतो. उशाखाली चाकू ठेवला की वाईट स्वप्नं पडत नाहीत, असं लोक म्हणतात. अंधश्रद्धा आहे अर्थात. पण लोखंडाबद्दल जगभर असं का मानतात, याचं कारण फार मजेदार..."

"लागते का?"

हुद्दार थांबले.

"...लोखंड तापवलं की..." त्यांनी सुरुवात केली आणि वाक्य तसंच सोडलं.

महाराजांनी तबक पुढे ओढलं. चाकू उचलला. ऊनसावलीत धरून पात्यावरचे निळे, करडे डाग निरखले. अंगठ्याने हलकेच धार पाहिली. मग अगदी जपून तो मिटला.

टक्.

"छान आहे," ते म्हणाले आणि चाकू पुन्हा तबकात ठेवून तबक हुद्दारांकडे सारलं. "खिशात ठेव."

"म्हणजे?"

"तुझा आहे. खिशात ठेव."

हुद्दारांचा हात इतक्या झटकन पुढे गेला की त्यांचं त्यांनाच लाजल्यासारखं झालं. चाकू सदऱ्याच्या खिशात उतरला. खांदे खाली आले. एक लांब श्वास सुटला. सकाळपासून तो श्वास आत अडकलेला होता, हे कुमुदताईंना ठाऊक होतं.

"मग मी सोडू काय, महाराज? भाजी नाही सोडणार मी. मला ते पटत नाही."

"नको सोडूस भाजी."

"मग?"

"त्याच्याबद्दल बोलणं सोड."

"कुणाबद्दल?"

"चाकूबद्दल."

हुद्दार बघत राहिले.

मागून आधी एक विचित्र आवाज आला. मग कुमुदताईंनी पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. त्या हसत सुटल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, हसतेस काय!"

"महाराज," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "लग्नाच्या आधी का नाही भेटलात हो तुम्ही!"

"जन्मभरासाठी?" हुद्दारांनी विचारलं.

"रीत आहे."

"आणि रविवारची मंडळी?"

"जा की. रुमाल पसर. ऐक."

"ही थट्टा आहे, महाराज."

महाराजांनी पुन्हा शेंगा पुढ्यात ओढल्या.

इतक्यात अंगणातून हाक आली. मठात सेवेला येणारी तुळसाबाई दारात उभी होती. काखेत केळीच्या पानांचा भारा, सुतळीने करकचून बांधलेला.

"कोनाजवळ चाकू हाये का जी? हे सुतळी तुटूनच नाही राह्यली."

हुद्दारांचा हात आपोआप खिशाकडे गेला. चाकू उघडून त्यांनी मूठ तिच्याकडे केली.

"हातात नका देऊ जी, भांडन होते. खाली ठेवा."

हे का म्हणतात आणि कुठे कुठे म्हणतात, यावर हुद्दारांपाशी निदान पाऊण तास बोलण्यासारखं होतं. त्यांचं तोंड उघडलं.

कुमुदताई पुढे झुकल्या.

तोंड मिटलं. त्यांनी चाकू फरशीवर ठेवला.

तुळसाबाईने एका झटक्यात सुतळी कापली. पानं सुटून पसरली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातला गुळाचा डबा जवळ घेतला आणि चाकूचं टोक झाकणाखाली घालून जोराने उचकटलं.

हुद्दारांनी स्वतःचाच गुडघा घट्ट धरला.

झाकण निघालं. चाकू तिने लुगड्याला पुसला, उलटासुलटा करून पाहिला.

"मस्त धार हाये जी. कुठचा म्हनावा चाकू?"

महाराजांची बोटं शेंगेवर थांबली.

कानस होती. गावचा लोहार होता. शिसव होती, पितळेचा खिळा होता, कैरी होती, कांदा होता. सगळं ओठांशी येऊन उभं राहिलं...

"घरचा आहे," हुद्दार म्हणाले.

"बरा हाये," म्हणत तुळसाबाईने चाकू फरशीवर ठेवला, पानं गोळा केली आणि ती स्वयंपाकघराकडे गेली.

चाकू तिथेच पडला होता. टोकाला थोडा गूळ चिकटला होता. हुद्दारांनी तो उचलला नाही.



बाहेर नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. तेवढा आवाज येत होता. तो थांबला, की काहीच नव्हतं.

हुद्दारांनी एकदा घसा खाकरला. बोलायला काहीतरी शोधावं तसं इकडेतिकडे पाहिलं. तबक पाहिलं. पिवळं कापड पाहिलं. ते उचलून त्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

...

"महाराज."

"हं."

"ते... छाती मधोमध कापतात."

"हं."

"हाडसुद्धा."

"हं."

"हृदय थांबवतात म्हणे. काही वेळ." कापडाची घडी हातातच राहिली. "मग पुन्हा सुरू करतात. बहुतेक... सुरू होतं."

कुमुदताई उठल्या. येऊन त्यांच्या शेजारी बसल्या. 

"कुमुद, रात्रभर हेच डोक्यात फिरतं, हे तुला मी सांगितलं नव्हतं."

"हो."

"हिलाच काय, कुणालाच सांगितलं नव्हतं, महाराज. मला वाटलं, एकदा सांगितलं की..."

ते थांबले. 

"मला भीती वाटते."

एवढंच ते म्हणाले. पण ते म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, की जणू कुणीतरी त्यांच्या डोक्यावरचं ओझं धरून खाली उतरवायला मदत केली होती. ते भिंतीला टेकून नीट बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी येऊ दिलं. कुमुदताईंनी त्यांच्या हातातलं कापड काढून घेतलं आणि हात आपल्या हातात ठेवला.

महाराज घोंगडीवरून उठले. गुडघ्यावर हात टेकत हळूहळू पुढे आले आणि हुद्दारांच्या दुसऱ्या बाजूला, उघड्या फरशीवर, त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले.

हुद्दारांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"महाराज," शेवटी हुद्दार म्हणाले. आवाज घोगरा होता, पण स्थिर होता. "मंत्र राहिला."

महाराजांनी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"मघाशी म्हणालास ना, भीती वाटते, तोच. पुन्हा म्हण... हळू. मीही तुझ्याबरोबर म्हणतो."