कमंडली भोपळ्याचं बी

"आता तुम्हीच सांगा बाबा, एवढा भोपळा या तालुक्यात कुणी पिकवलाय का?"

विश्रामने रेशमी फडक्याची गाठ सोडली आणि भोपळा केदारगिरी बाबांपुढे ठेवला. नुसता ठेवला नाही, मिरवला.

परसबाग म्हणजे विश्रामचा जीव की प्राण. पांढरी वांगी, काळे टोमॅटो, हातभर लांब वालाच्या शेंगा... कुठून कुठून तो टपालाने बी विकत मागवायचा. बाग बघायला लोक लांबून यायचे. बी मागितलं की मात्र विश्रामला कमी ऐकू यायचं.

काही वर्षांपूर्वी बाबांनी त्याला मठातल्या कमंडली भोपळ्याचं बी दिलं होतं. इथल्या गोसाव्यांचे कमंडलू पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाणाचे. यंदा वानरांनी मठातला वेल उपटला आणि ठेवणीतलं बी उंदरांनी फस्त केलं. म्हणून बाबांनी निरोप धाडला होता, आमचं बी आम्हाला परत आणून दे.

गुरूच्या घरचं वाण शिष्याने राखलं होतं. विश्रामची छाती फुगायचीच.

"माझ्याच वेलाचं बी धरलं, तेच पेरलं," तो म्हणाला. "तुमच्या भोपळ्याच्या दुप्पट झालाय."

बाबांनी आपला जुना कमंडलू उचलला. त्याची मान मुठीत धरली. बोटं अंगठ्याला टेकली.

मग विश्रामच्या भोपळ्याची मान धरली.

बोटं टेकेनात.

"हा कुणाचा?"

"तुमचाच, बाबा."

"याच्या शेजारी काय लावलं होतंस?"

"लांब दुधी, गोल दुधी, बंगालचा एक... सगळे एकाच मांडवावर. शोभा बघायला हवी होती तुम्ही!"

"रात्री फुलांवर पतंग येतात?"

"येतात की."

"कोणत्या फुलावरून उठून कोणत्या फुलावर बसायचं नाही, ते त्यांना सांगितलं होतंस?"

विश्राम हसला. मग ते हसू हळूहळू विरलं.

कमंडली म्हणजे दुधीचीच एक जात; सगळ्या वेलांचे पराग एकमेकांत मिसळले होते. त्याने डब्यांत बी जपलेल्या दुधींपैकी आता एकही जात धड उरली नव्हती. आणि कमंडली तर...

"मी घालवलं, बाबा." त्याने भोपळा मागे ओढला. "मठाचं वाण मी घालवलं."

बाबांनी कमंडलू खाली ठेवला.

"मी दिलेलं सगळं बी तूच पेरलंस?"

"सगळं. म्हणजे..."

"म्हणजे?"

"धाकट्या भावाची बायको आली होती मागायला. सदूची. वाटण्या झाल्यापासून आमचं बोलणं नाही, तरी आली. तुम्ही दिलेल्यातलंच पाखडून बाजूला काढलेलं बारकं बी होतं, ते तिच्या पदरात टाकलं. वर हसलो. म्हटलं, रुजलं तर सांगायला ये."

"आली?"

"नाही... पण परवा मी टेकडीपलीकडे गेलो होतो. त्यांचं घर तिकडंच आहे. छपरावर..."

"काय होतं छपरावर?"

विश्रामने मान खाली घातली. "भोपळे. बारीक मानेचे."

"आणखी कसले वेल?"

"आणखी कुठले? तिच्याकडे तेवढा एकच वेल आहे."

बाबा उठले. खुंटीवरची भिक्षेची झोळी त्यांनी काढली.

"तुम्ही मागा, बाबा," विश्राम घाईने म्हणाला. "तुम्हाला ती नाही म्हणणार नाही. मी इथंच थांबतो."

बाबांनी झोळी विश्रामच्या खांद्याला अडकवली आणि ते चालू लागले.

दोघं टेकडी ओलांडून उतरले. सदूचं अंगण दिसलं. आत सदूची बायको धान्य पाखडत होती.  विश्राम हळूच बाबांच्या मागे सरला.

बाबा वळले, कुंपणाबाहेरच्या चिंचेखाली गेले आणि बुंध्याआड बसले.

"बाबा..."

"हाक तू मार. आणि मी आलोय, हे सांगू नकोस."