सात पेवं आणि एक ओंजळ

लई जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. तेव्हा डोंगरांनासुद्धा आपली नावं नवीन वाटत होती म्हणे.

त्या काळी एका राज्यात काडीमोड घ्यायचा तर पाच डोंगरांवरचे पाच पंच खाली यावे लागत. ते यायचे वर्षातून एकदाच, कार्तिकाच्या पौर्णिमेला. नवरा-बायको त्यांच्यापुढे उभे राहायचे, गवताची काडी मोडायचे आणि मोकळे व्हायचे. काडी फुकटच मिळायची हो, गवताला काय तोटा? पण पंचांचं, त्यांच्या माणसांचं आणि घोड्यांचं तीन दिवसांचं खाणं मात्र काडीमोड मागणाऱ्यानं घालायचं. चार पोती ज्वारी तरी लागायचीच. ती नसली की आणखी एक वर्ष त्याच घरात नांदायचं, असा नियम.

गरिबाची अडचण होऊ नये म्हणून राजाच्या आजोबांनी एक धर्मकोठार बांधलं होतं. त्यावर एक म्हातारा कारभारी होता. माणूस काट्यासारखा सरळ. धोतराला चिकटून आलेला दाणासुद्धा घरून परत आणून टाकायचा. तीस वर्षं त्यानं एकच नियम पाळला होता : ज्याच्या घरात वर्षाचं धान्य आहे, त्याला कोठारातून दाणा नाही.

पौर्णिमेला आठ दिवस उरले असताना त्याच्यापुढे सगुणा नावाची एक बाई येऊन उभी राहिली. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण. तो तव्याचा चटका होता, आणि चुकून बसलेला नव्हता. ती दोन महिने मावशीच्या झोपडीत राहत होती आणि मावशीची चूलच एक दिवसाआड पेटायची.

कारभाऱ्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, घरात धान्य किती? मागच्या रांगेतल्या बायका कुजबुजल्या, अगं, नाही म्हणून सांग. पण सगुणा खोटं बोलली नाही. नवऱ्याच्या घरी जमिनीत सात पेवं आहेत आणि सातही ज्वारीनं गच्च भरलेली आहेत, असं तिनं सांगितलं.

"मग तू इथे कशाला आलीस, बाई?" कारभारी म्हणाला. "सात पेवांची मालकीण तू. हे कोठार ज्याच्या घरात काही नाही त्याच्यासाठी आहे."

"पेवं सात आहेत, आजोबा," सगुणा म्हणाली, "पण त्यांच्या तोंडावरचे दगड मी कधी हलवलेले नाहीत. या वर्षी परत गेले तर पुढची पौर्णिमा मला दिसायची नाही."

कारभाऱ्याला वाईट वाटलं. पण नियम तो नियम. तो म्हणाला, ऐकीव गोष्टीवर मी दाणा देत नाही. तेव्हा सगुणा म्हणाली, मग बघून द्या, चला माझ्याबरोबर.

आता बघा हं. ज्या दारातून जीव मुठीत धरून पळून आली, त्याच दाराकडे ही बाई भर दुपारी आपल्या पायांनी निघाली. कारभाऱ्यानं डोक्यावरून घोंगडी घेतली आणि वाटसरूसारखा मागोमाग चालला.

नवी ज्वारी येणार म्हणून त्या दिवशी नवऱ्यानं एक पेव उपसायला काढलं होतं. अंगणात पुरुषभर उंचीची ज्वारीची रास. कबुतरांचा थवा तिच्यावर बिनघोर टिपत बसलेला. बैलांच्या तोंडापुढे टोपल्या भरून ठेवलेल्या. गडी घामाघूम होऊन पोती भरत होते.

सगुणा उंबऱ्याबाहेर थांबली आणि तिनं दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. म्हणाली, "एक ओंजळ ज्वारी द्या. सात वर्षं या घरात दळण दळलंय मी."

नवरा हसला. ओरडला नाही की अंगावर धावून गेला नाही. बैलाच्या पाठीवर थाप मारत सावकाश म्हणाला, "उंबरा ओलांडून आत ये. मग पोटभर खा. बाहेरच्या हाताला या घरातून दाणा नाही."

गडी थांबले. पोत्याचं तोंड धरलेला धरूनच राहिला. सगुणा आत गेली नाही आणि तिनं हातही मागे घेतले नाहीत. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली माती, पुढे डोंगराएवढं धान्य, आणि तिची ओंजळ रिकामी. तिच्या देखत एक कबुतर पोट भरून उडून गेलं, त्याला कोणी हुसकलं नाही. ही गोष्ट सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. कोठून आणतं माणूस एवढं बळ?

कारभारी बघत राहिला. तीस वर्षं त्यानं पोती मापली, पायली मापली, शेर मापला. माणसाचा हात त्यानं कधी बघितलाच नव्हता. त्यानं डोक्यावरची घोंगडी काढली, सगुणाच्या ओंजळीपुढे दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "पोरी, चुकलो मी. चल."

कोठाराचं दार त्यानं स्वतः उघडलं. चार पोती स्वतःच्या पाठीवर वाहिली, कोणाला हात लावू दिला नाही. पौर्णिमेला पाच डोंगरांवरून पंच उतरले, जेवले, आणि सगळ्या गावासमोर सगुणानं काडी मोडली. एवढीशी काडी ती, पण लोक श्वास रोखून उभे होते, म्हणून तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. नवरा मान खाली घालून घरी गेला. सगुणा मावशीकडे परतली आणि त्या रात्री दोन महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपली.

कारभारी मात्र झोपला नाही. सकाळी त्यानं राजापुढे किल्ल्या ठेवल्या आणि शिक्षा मागितली. राजानं विचारलं, अशा किती जणींना परत पाठवलंस? म्हातारा प्रामाणिक, त्याला एकूण एक नाव पाठ होतं. एक्केचाळीस.

राजानं किल्ल्या परत त्याच्या हातात दिल्या. "दुसरा बसवला तर त्याला ही नावं माहीत नसतील," तो म्हणाला. "आजपासून घर बघायचं नाही, हात बघायचा. आणि त्या एक्केचाळीस दारांत तू स्वतः जा."

म्हातारा अनवाणी निघाला. काही बायका त्याच्याबरोबर चालत्या झाल्या. काहींनी हसून दार लावून घेतलं, म्हणाल्या, आता कशाला, आजोबा, केस पांढरे झाले. एक्केचाळिसाव्या दारात एक तरुण मुलगी आली. त्यानं शेवटचं नाव घेतलं. मुलगी म्हणाली, "आई गेली. तुम्ही परत पाठवलंत, त्याच वर्षी."

कारभारी तिथेच मातीत बसला. खूप वेळानं त्या मुलीनं त्याला पाणी आणून दिलं.

ज्यानं मदत मागितली त्याचं घर किती भरलेलं आहे ते बघू नये, त्याची ओंजळ बघावी. आणि ती वेळेवर बघावी.