बंद दारांचा कौल

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या दोन राज्यांची ती आहे, त्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. एक राज्य नदीच्या अलीकडे होतं आणि दुसरं पलीकडे. नदीला जिथे उतार होता, तिथेच डोंगरात एक खिंड होती, आणि त्या खिंडीपायी तीन पिढ्या लढाई चालली होती. पहिलं भांडण कशावरून झालं, हे विचारलं तर दोन्हीकडचे म्हातारे दोन वेगळ्या गोष्टी सांगत. दोन्ही गोष्टींत चूक मात्र दुसऱ्याचीच असे.

खिंडीच्या तोंडाशी, अलीकडच्या राज्यात, एक गाव होतं. लढाई यायची ती आधी त्याच गावात. गावाच्या वेशीवर वीरगळ उभे होते, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसांच्या नावाचे दगड. गावात घरं होती साठ आणि वेशीवर दगड होते त्याहून जास्त.

याच गावात म्हाळसाकाकी राहायची. तिच्या नवऱ्यानं एकट्यानं खिंड अडवून धरली होती, गावातलं शेवटचं लेकरू डोंगरावर चढेपर्यंत. मग तो पडला. वेशीवरचा सगळ्यांत उंच वीरगळ त्याचा. त्यामुळे गावात काकीचा मान मोठा होता. नवी सून गावात आली की आधी काकीच्या पाया पडे. फौजेत निघालेल्या पोराच्या कपाळाला भंडारा काकीच लावी. बाळांनो, मान ही मोठी अवघड गोष्ट असते. तो मिळताना बरा वाटतो, पण पुढे जन्मभर सांभाळावा लागतो.

काकीला एक मुलगा होता, गोंदा. सात वर्षांपूर्वी तो शत्रूच्या हाती सापडला. तो मेला असं समजून काकीनं रडून घेतलं होतं. पण मागल्या वर्षी पलीकडून एक गोसावी काकीच्या दारी आला. म्हणाला, "पलीकडच्या किल्ल्यावर बंदी दगड फोडतात. त्यांत एक डावखुरा आहे. हनुवटीवर भाजल्याचा डाग आहे." तो डाग काकीच्याच चुलीचा होता. गोंदा रांगत होता तेव्हाचा.

त्या दिवसापासून काकीचा जीव त्या किल्ल्यावर होता. पण तिनं हे कुणाला बोलून दाखवलं नाही.

आणि मग, तीन पिढ्यांत पहिल्यांदा, दोन्ही राजांनी समोरासमोर बसायचं ठरवलं. नदीच्या वाळवंटात, दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर, तंबू उभा राहिला. दवंडीवाला गावात आला. त्यानं सांगितलं, की तह झाला तर खिंड दोघांना मोकळी होईल आणि दोन्हीकडचे बंदी आपापल्या घरी जातील. चौथ्या दिवशी सकाळी महाराजांचा स्वार कौल पाहायला येईल.

कौलाची रीत जुनी होती. ज्या घराला तह हवा, त्यानं दारापुढच्या ओट्यावर तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा ठेवायचा, घरी पाहुणा आला की ठेवतो तसा. ज्याला नको, त्यानं दार लावून घ्यायचं. स्वारानं कुणाला काही विचारायचं नाही, फक्त पाहत जायचं. आणि ज्या गावानं सगळ्यांत जास्त सोसलं, त्या गावाचा कौल पहिला. तोच पुढच्या गावांना कळे, आणि तसाच बहुधा त्यांचा पडे.

दवंडी संपली तसा पारावर एकच गलका झाला. सगळ्यांत मोठा आवाज पाटलाच्या मेहुण्याचा. या गृहस्थाचा आवाज नगाऱ्याच्या वरताण होता, आणि लढाईचा नगारा वाजला की नेमका याचाच गुडघा धरायचा.

"गूळपानी? आन् ते कुनासाठी?" तो गरजला. "ज्यांनी आपली मानसं कापली त्यांच्यासाठी? हाय कुनाची छाती? ठेवा की! बघू दे तर कोन ठेवतंय ते!"

एक पाय गमावलेला म्हातारा शिपाई कोपऱ्यात बसला होता. तो हळूच म्हणाला, "लढाई लांबनं लई झ्याक दिसती, पाव्हणं." पण त्याची री कुणी ओढली नाही.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आरं, काकीलाच इचारा की. तिच्याइतकं कुनी सोसलंय? ती म्हनंल तसं करू."

काकी पाण्याची घागर घेऊन तिथूनच चालली होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

काकीच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण तिला वाटलं, आपण हो म्हटलं तर गाव काय म्हणेल? गोंदाचं कळलं की पोराच्या मायेपायी नवऱ्याचं रक्त विसरली म्हणेल. उद्या त्या उंच दगडापुढं कुठल्या तोंडानं उभी राहू? आणि नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. पलीकडे गोंदा होता. ती काही न बोलता घागर सावरून निघून गेली.

"बघितलं?" मेहुणा म्हणाला. "सबूदसुदिक बोलली न्हाई. येवढा राग हाय तिला."

"येनारच की राग," बाकीच्यांनी माना हलवल्या.

गप्प राहिलेल्या माणसाच्या तोंडी लोक आपल्या मनातले शब्द घालतात. काकीच्या तोंडीही ते घातले गेले, आणि तीन दिवस विहिरीवर, पारावर, देवळात एकच बोलणं चालू राहिलं. नको बाई ते गूळपाणी. काकीला काय वाटेल?

हे बोलणं काकीच्याही कानावर येत होतं. पण त्यातलं तिला अर्धंच, 'नको' एवढंच, ऐकू येई. तिला वाटे, गावाला तह नको आहे.

चौथ्या दिवशी काकी पहाटेच उठली. तिनं राखेनं तांब्या घासून लखलखीत केला, पाण्यानं भरला, मडक्यातून गुळाचा मोठा खडा काढला. दार किलकिलं करून बाहेर पाहिलं. समोर ठकूचं दार बंद होतं. पाटलाचं बंद होतं. म्हाताऱ्या शिपायाचंही बंद. साऱ्या आळीत एकाही ओट्यावर तांब्या नव्हता.

'कुनीतरी एकानं ठेवू दे,' काकी मनात म्हणाली, 'लगेच मी ठेवते. दुसरी व्हईन, पन पहिली नगं.'

तिनं तांब्या दारामागे ठेवला, वर झाकणीत गूळ ठेवला आणि कडी लावली.

सूर्य कासराभर वर आला तेव्हा घोड्याच्या टापा वाजल्या. टापा संथ होत्या. दारामागून दार त्या मागे टाकत आल्या आणि काकीच्या दारापुढे थांबल्या. फटीतून काकीनं पाहिलं. स्वार वयानं उतरलेला होता, दाढी धुळीनं माखलेली, ओठ सुकलेले. बाकी दारांवरून तो नुसती नजर टाकत आला होता. इथे मात्र तो थांबला. हे घर कुणाचं आहे, ते त्याला ठाऊक होतं.

तो वाट पाहत होता. काकीचा हात कडीवर होता. दाराच्या अलीकडे तांब्या, पलीकडे तहानलेला माणूस, मध्ये बोटभर जाडीची फळी. तिला गोंदाची हनुवटी दिसली. कडी निम्मी वर आली, तिचा बारीक आवाजही झाला.

इतक्यात पाटलाच्या घराकडून कुणीतरी खाकरलं.

काकीचा हात तिथेच राहिला. स्वारानं आणखी थोडा वेळ वाट पाहिली, मग लगाम ओढला आणि तो वेशीकडे निघून गेला. काकी दाराला पाठ लावून कितीतरी वेळ उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची चूल विझलेली होती. विस्तव मागायला ती समोर ठकूकडे गेली. ठकूचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. काकीला पाहताच ठकू गडबडीनं दारापुढं आली, पण काकीला दिसायचं ते दिसलं. दारामागे भरलेला तांब्या होता. त्याच्यावरच्या गुळाला मुंग्या लागल्या होत्या.

"ठकू, हे काय गं?"

ठकूचे डोळे भरून आले. "रागावू नगा, काकी. आमच्या धन्याचं नाव यंदाच्या भरतीत हाय. मला तह हवा व्हता. पन तुमचं दार बंद व्हतं. तुमच्या आदी आमी कोन ठेवनार? तुमच्या मालकाच्या रगतावर पानी ओतल्यागत झालं असतं."

काकीनं गुळावरच्या मुंग्या झटकल्या. "अगं पोरी," ती म्हणाली, "माझाबी तांब्या दारामागंच व्हता."

मग दोघी त्या म्हाताऱ्या शिपायाकडे गेल्या. त्याच्या दारामागे तांब्या होता. शेजारच्या घरी होता, त्याच्या पुढच्या घरी होता. दोन घरांत मात्र नव्हता. त्या घरांतली माणसं गेल्याच साली पडली होती, त्यांना कुणी दोष दिला नाही. शेवटी काकी पाटलाच्या मेहुण्याच्या दारी उभी राहिली. तो दार उघडेना. उघडलं तेव्हा त्याच्या दारामागे गावातला सगळ्यांत मोठा लोटा होता.

"माझं पोरगं यंदा सोळाचं झालं," तो म्हणाला. त्याचा एवढा हळू आवाज गावानं पहिल्यांदाच ऐकला.

काकीनं घरी येऊन आपला तांब्या उचलला आणि ती वाळवंटाची वाट चालू लागली. मागून ठकू निघाली, आणि मग सगळं गाव. तंबूची जागा नदीकाठानं दोन कोसांवर होती. पोचले तेव्हा तंबूच्या मेखा उपटल्या जात होत्या. राजा वाळूत एका घोंगडीवर बसला होता. तोही म्हातारा झाला होता.

काकीनं तांब्या त्याच्यापुढे ठेवला. "महाराज, कौल चुकला. हे घ्या गूळपानी. आख्ख्या गावाचं हाय."

राजानं तांब्याकडे पाहिलं. "बाई," तो म्हणाला, "काल दिवस मावळेपर्यंत मी शिक्का हातात धरून बसलो होतो. समोर पलीकडचे राजे बसले होते. मग स्वार आला. म्हणाला, खिंडीच्या गावाचं एकही दार उघडं नाही. ते ऐकून पुढच्या गावांनीही दारं लावली. ज्यांनी सगळ्यांत जास्त सोसलं, त्यांनाच तह नको असेल, तर मी कुणाच्या बळावर शिक्का उठवू?"

"मग आता बोलवा की त्यांना माघारी!"

राजानं पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. तिथे आता नुसती धूळ दिसत होती. "अपमान झाला म्हणून ते उठून गेले. तीन पिढ्यांनी एकदा आले होते. आता पुन्हा कोण येतंय?"

काकीनं मान वर करून सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "महाराज, खरं सांगा. तुमास्नी सोताला तह हवा व्हता का?"

राजानं नजर तांब्याकडे वळवली. मग म्हणाला, "हवा होता. पण मी तुमच्या दारांकडे पाहत होतो."

गाव आल्या वाटेनं परत गेलं.

पिकं घरात आली आणि लढाईला तोंड लागलं. आठ दिवसांत ठकूचा नवरा पडला. पाटलाच्या मेहुण्याचा मुलगाही पडला, जेमतेम मिसरूड फुटलेला. पलीकडच्या किल्ल्यावरचे बंदी लांब कुठेतरी हलवले, असं कानावर आलं. गोंदाची खबर त्यानंतर कुणी आणली नाही. काकी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गोसाव्याला विचारी, आणि प्रत्येक जण मान हलवी.

लढाई थंडावल्यावर वेशीवर नवे वीरगळ उभे राहिले. रिवाजाप्रमाणे पहिला भंडारा लावायला काकीला बोलावलं. तिनं एकेका दगडाला भंडारा लावला. पुजाऱ्यानं शत्रूच्या नावानं शिव्याशाप द्यायला सुरुवात केली, तसं काकीनं त्याला हातानं थांबवलं. ती गावाकडे वळली. साऱ्या वेशीला ऐकू जाईल असं ती मोठ्यानं बोलली.

"मागचे दगड कुनी उभे केले, त्ये मला ठावं न्हाई. पन हे नवे दगड पलीकडच्यांनी न्हाई उभे केले. ते आपन केले, आतनं कडी लावून. आन् पहिली कडी माझी."

मेहुण्यानं आपल्या पोराच्या दगडावर हात ठेवला आणि तो खाली मान घालून उभा राहिला.

म्हणून लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: मनातलं भलं शेजाऱ्याच्या भीतीनं दाराआड ठेवलं, तर जगाला दिसतं ते फक्त बंद दार.